ट्रेमधले काळे प्लग माझे नव्हतेच

१८,६६० रुपये. आकडा पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, नंतर लिहायची लाज वाटेल. कारण काय, तर इंजिनात ठिणगी पाडणारे चार स्पार्क प्लग.

आधी माझी बाजू. अकरा वर्षं मालाची गाडी चालवतोय, पण त्यातली दहा वर्षं डिझेल पिकअप. डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. दाबाच्या उष्णतेने डिझेल आपोआप पेटतं, फार तर थंडीत स्टार्टिंगला ग्लो प्लग. इंजेक्टर, फिल्टर, टर्बो यात मला कुणी गंडवून दाखवावं! गेल्या वर्षी सीएनजीचा छोटा पिकअप घेतला आणि दहा वर्षांचं शहाणपण एका दिवसात निरुपयोगी झालं. हे मला कळलं नाही, पण त्या मेकॅनिकला माझ्या पहिल्या दोन वाक्यांतच कळलं असणार.

मीटरवर ४१,००० किलोमीटर झाले होते. लोड घेतला की गाडी मिस मारायची, झटके द्यायची, चेक लाइट लागून परत जायचा. पुण्याहून साताऱ्याकडे प्लायवूड घेऊन निघालो होतो. हायवेला लागून एक गॅरेज दिसलं. बाहेर तीन गाड्या उभ्या होत्या, म्हणजे धंदा चालतो, म्हणजे माणूस बरा असणार, हा माझा हिशोब. त्या गाड्यांच्या टायरांवर धूळ किती होती ते नाही पाहिलं.

पोरगा गोड बोलणारा. "दादा, प्लग गेलेत. सीएनजीला इरिडियमच लागतो, साधा टाकला तर महिन्यात परत याल." पुढे म्हणाला, "इंजिन गरम आहे, थोडं गार होऊ द्या, तोवर चहा घेऊन या." मी गेलो. दहा मिनिटांत परत आलो तर सीट उचललेली, चारही प्लग बाहेर आणि ट्रेमध्ये ओळीने मांडलेले. काजळीने काळेकुट्ट, तेलकट. "बघा दादा, हे घालून तुम्ही गाडी चालवत होता!"

मी बघितले. आणि मान डोलावली.

हे मान डोलावणं मला अजून झोपू देत नाही. माझी गाडी सीएनजीवर चालते. गॅस स्वच्छ जळतो, काजळी धरतच नाही. सीएनजीच्या गाडीचे प्लग काढले की टोकं पांढुरकी नाहीतर फिकट तपकिरी निघतात. आणि समोर काय, तर चुलीतून काढल्यासारखे कोळसे! ते कुठल्या तरी तेल खाणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीचे होते आणि माझ्याआधी किती जणांना दाखवून झाले असतील देव जाणे. बरं, काजळीचं ज्ञान नव्हतं असं समजा. डोळे तर होते? त्याने नवे प्लग बसवायला १४ चा सॉकेट घेतला, आणि ट्रेमधल्या काळ्या प्लगांचा षटकोन १६ चा होता. तो सॉकेट त्यावर चढलाच नसता. पाने हाताळण्यात माझं आयुष्य गेलं, १४ आणि १६ मधला फरक मला दुरून कळतो. तरी त्या क्षणी डोक्यात एकच होतं, की चार वाजायच्या आत माल पोहोचवायचाय.

आणि दहा मिनिटांत इंजिन गार कसं झालं? झालंच नव्हतं. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग ओढून काढले की आटे सोलतात. ते त्याने केलंच. वर नवे प्लग लांब दांडीच्या पान्याने आवळले. प्लग आधी हाताने फिरवून बसवायचा असतो. पहिल्यापासून पाना लावला तर आटा तिरका जातोय हे हाताला कळणारच नाही. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की मग पान्याने साधारण अर्धा फेरा, बस.

बिल विचारलं तर म्हणाला, "पक्कं हवं असेल तर जीएसटी लागेल." मी म्हणालो, राहू दे. चार प्लग, ८५० प्रमाणे ३,४००. मजुरी ४००. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केल्याचे ६००, जी त्याने उघडलेलीही मी पाहिली नाही. ४,४०० रुपये यूपीआयने दिले. स्क्रीनवर आलेलं नाव गॅरेजच्या पाटीवरचं नव्हतं, तेही वाचलं आणि ओके दाबलं. जुने प्लग मागितलेच नाहीत. माझे खरे प्लग, जे बहुधा धडधाकट होते, ते आता दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत "नवीन" म्हणून फिरत असतील.

दोन दिवस गाडी बरी चालली. प्लगला वीज देणारी कॉइल काढून परत बसवताना तिचं रबर जरा जागेवर आलं असावं, दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी खंबाटकीच्या चढाला फट्‌ असा आवाज, मग फटफट, आणि गाडी तीन सिलिंडरवर. तिरका बसलेला तीन नंबरचा प्लग आट्यासकट सुटून वर आला होता. मागे रांग, हॉर्न, शिव्या. टोइंग ३,५०० रुपये. बुडालेलं भाडं ५,२०० रुपये.

शिरवळला एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी प्लग हातात घेतला आणि काही न बोलता त्याचा वॉशर बोटाने गोल फिरवून काढून दाखवला. अस्सल प्लगचा वॉशर असा सहज निघत नाही. टोक बघायला सांगितलं. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक, ०.४ ते ०.६ मिलिमीटरचं असतं. माझ्या प्लगांना साधं निकेलचं टोक घासून निमुळतं केलेलं होतं, तेही एका बाजूला कललेलं. चिनी मातीवरची छपाई नखाने निघाली. मग मल्टिमीटर लावला. नंबरात आर अक्षर असेल तर आत रेझिस्टर असतो, साधारण पाच हजार ओहमचा. चारपैकी तिघांनी शून्य दाखवलं. गॅप, म्हणजे ठिणगी जिथे पडते ती फट, १.१ मिलिमीटर, आणि माझ्या मॅन्युअलमध्ये ०.८. सीएनजीला ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून गॅप कमी ठेवतात. गॅप मोठी राहिली की सगळा ताण कॉइलवर.

मूळ बिघाड काय होता? दोन नंबरच्या कॉइलचं रबर फाटलं होतं. प्लगांचा संबंधच नव्हता! कॉइलचे पैसे मी नुकसानीत धरत नाही, तो माझा खर्च होताच. पण हेडमध्ये हेलिकॉइल (सोललेल्या आट्याच्या जागी नवा आटा देणारी तारेची गुंडाळी) बसवायला २,२००, खरे प्लग ६४० प्रमाणे चार म्हणजे २,५६०, मजुरी ८००. बेरीज करा. आणखी आठवडाभर तशीच चालवली असती तर न जळलेला गॅस सायलेन्सरकडे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून गेला असता, तो हिशोब मी करतच नाही.

आता सरकारदरबारी काय झालं ते. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "किती रुपयांचं?" सांगितल्यावर चेहऱ्यावर हसू. मग "ही दिवाणी बाब आहे." मग "आमच्या हद्दीत येत नाही." हद्द नसली तरी गुन्हा नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, मी मोबाइलवर काढून दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" शेवटी साधा अर्ज ठेवून घेतला. पोचपावतीवर शिक्का मागितला तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे! मी तीन वेळा गेलो. तीन दिवसांचा धंदा गेला, तो वरच्या आकड्यात नाही.

बनावट माल म्हटलं की म्हणतात, कंपनीने तक्रार करायला हवी. खोक्यावर जिचं नाव होतं त्या कंपनीला फोन लावला, तर "अधिकृत विक्रेत्याचं बिल पाठवा." १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात यासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड आहे. पण वॉरंटशिवाय माल जप्त करायचा तर अधिकारी उपअधीक्षक दर्जाचा हवा, शिवाय आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यायचं. माझ्या ३,४०० रुपयांच्या प्लगांसाठी डीवायएसपी येणार?

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, "गाडी पिवळ्या पाटीची, धंद्याची. तुम्ही ग्राहक नाही." मी मान खाली घालून परत आलो. परत मान! घरी येऊन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वाचला तर स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक' धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही. मुदत दोन वर्षं. तक्रार आता दाखल केली आहे. बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे, मल्टिमीटरचा व्हिडिओ आहे, प्लग आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पहिल्याच दिवशी फोन करायची अक्कल मला नव्हती, तुम्ही करा.

प्लगचा नंबर मॅन्युअलमधून फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. "हाच दुसऱ्या कंपनीचा, एकच आहे" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. एनजीके आणि डेन्सो कंपन्यांच्या नंबरात आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. नुसता आकडा जुळवून कसं चालेल? प्लग काढताना तिथून हलू नका, चहा नंतर मिळतो. जुने प्लग हातात घ्या आणि सॉकेट त्यावर चढवून बघा.

गेल्या आठवड्यात त्याच रस्त्याने गेलो. एका टेम्पोची सीट वर होती, ड्रायव्हर टपरीकडे निघाला होता. मी गाडी बाजूला लावून त्याला हाक मारली, गाडी सीएनजी का म्हणून. हो म्हणाला. मग आम्ही दोघं ट्रेजवळ गेलो. चार काळे प्लग आधीच मांडून ठेवलेले होते, आणि त्याच्या इंजिनातला एकही अजून काढलेला नव्हता.