दोन संगणक, एक केबल: व्हिएन्ना एन्सेम्बल प्रो, नाशिकच्या घरगुती स्टुडिओतून

घरी बसून पार्श्वसंगीताचं काम करणाऱ्या आणि रॅम कमी पडते म्हणून वैतागलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की नवा महागडा संगणक बुक करण्याआधी घरातल्या जुन्या पीसीकडे एकदा नीट बघा. त्याला रॅमच्या चार खाचा आणि गिगाबिट लॅन असेल, तर एक केबल आणि व्हिएन्ना एन्सेम्बल प्रो हे (वाद्यं दुसऱ्या संगणकावर चालवणारं) सॉफ्टवेअर एवढ्यावर तो तुमच्या मुख्य संगणकाचा जोडीदार होतो. मी सातवी आवृत्ती वापरते. ती २०१९ मध्ये आली. माझ्या स्टुडिओत आजवर जे काही विकत आणलं, त्यात चांगल्या माइकनंतर याच वस्तूने मला सगळ्यात जास्त दिलं.

माझं काम कोणतं ते सांगते, म्हणजे हे परीक्षण कोणाच्या कामाचं ते ठरवता येईल. मी इंदिरानगरमध्ये राहते. हार्मोनियम शिकवते, भजनांची आणि अभंगांची संगीत संयोजनं करते आणि हौशी नाटकांना पार्श्वसंगीत देते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे दिवस जवळ आले की आमच्याकडच्या संस्थांची धावपळ सुरू होते आणि एकाच वेळी दोन-तीन नाटकं माझ्या टेबलावर असतात. मुख्य संगणक मॅक मिनी, १६ जीबीचा. लॉजिक हे ॲपलचं संगीत-मुद्रणाचं सॉफ्टवेअर त्यावर सुरेख चालतं, पण या मॅकची रॅम नंतर वाढवता येत नाही. घेताना जेवढी घेतली तेवढीच. सॉफ्टवेअरमधल्या तंतुवाद्यांचा एक भरगच्च संच, वर बासऱ्या, सनई, तानपुरे आणि मी स्वतः ध्वनिमुद्रित केलेला ढोल, एवढं उघडलं की तो धापा टाकायला लागतो.

ढोलाचं थोडं सविस्तर सांगते, कारण माझी खरी गरज तिथे आहे. गणेशोत्सवाआधी आपल्याकडे पथकांचे सराव सुरू होतात, तेव्हा ओळखीच्या एका पथकाकडून मी एकेक ढोल वेगळा वाजवून घेतला. टिपरूचे ठोके, हाताचे ठोके, हलके, मध्यम, पूर्ण ताकदीचे, आणि प्रत्येक ठोका जवळच्या आणि लांबच्या माइकवर. एकच ठोका पुन्हा पुन्हा सारखाच ऐकू आला तर नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या माणसाला तो लगेच खोटा वाटतो, म्हणून प्रत्येक प्रकाराचे कितीतरी नमुने ठेवावे लागतात. कॉन्टॅक्टसारखा सॅम्पलर (मुद्रित नमुन्यांतून वाद्य वाजवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक नमुन्याचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये धरून ठेवतो आणि उरलेला भाग एसएसडीवरून वाचतो. त्यामुळे नमुने वाढले की, एक सूर वाजायच्या आधीच, नुसतं उघडल्यावर रॅम भरते.

दुसरा संगणक म्हणजे घरातला जुना विंडोज डेस्कटॉप. त्यात ६४ जीबी रॅम आणि एक एसएसडी घातली. ऑडिओ इंटरफेस (माइक-स्पीकर जोडायची पेटी) नाही, स्पीकर नाही. व्हिएन्ना एन्सेम्बल प्रोचा सर्व्हर या पीसीवर चालतो आणि सगळी जड वाद्यं त्या सर्व्हरमध्ये उघडतात. मॅकवर लॉजिकमध्ये त्याचं छोटं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) लावायचं, यादीतून सर्व्हर निवडायचा, झालं. मॅककडून पीसीकडे मिडी (कोणता सूर कधी, किती जोराने वाजवायचा याच्या सूचना) जातो, तिकडून तयार आवाज त्याच केबलने परत येतो आणि लॉजिकच्या मिक्सरमध्ये वेगवेगळ्या चॅनेलवर उतरतो. एक मॅक आणि एक विंडोज असला तरी काही अडत नाही. एका खरेदीत तीन संगणकांचे परवाने मिळतात, म्हणजे दोघांसाठी वेगळे पैसे नाहीत.

इथरनेटच्या केबलवर हे सगळं मावतं का, ही शंका मला सगळे विचारतात. हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) आणि प्रत्येकी ३२ बिट धरले तर एका मोनो चॅनेलला सेकंदाला साधारण १.५ मेगाबिट लागतात. ३२ स्टिरिओ जोड्या म्हणजे ६४ चॅनेल, म्हणजे ९८ मेगाबिटच्या आसपास. गिगाबिटची वाट १,००० मेगाबिटची आहे. निवांत मावतं. पण याच आकड्यात एक धोकाही आहे: वाट १०० मेगाबिटचीच असेल तर हे सगळं तिथे घुसमटणार. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी जोडी टोकाला नीट बसवली (क्रिंप) गेली नसेल तर संगणक मुकाट्याने १०० वर उतरतात. इंटरनेट छान चालतं, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही, आणि गाणं मात्र तडतडतं. म्हणून नवी केबल लावल्यावर विंडोजच्या नेटवर्क स्थितीत वेग १ जीबीपीएस दिसतो का, हे आधी पाहा. मी एम. जी. रोडवरून तयार टोकांची कॅट ६ केबल आणली आणि ती निर्धास्त चालली आहे. दोन्ही संगणक सरळ एकमेकांना जोडलेत, मध्ये राउटर नाही. क्रॉसओव्हर केबल शोधण्याची गरज नाही, गिगाबिटची पोर्टं ते आपापसात जुळवून घेतात. वायफायवर मात्र हा प्रयोग करूच नका. तिथे सरासरी वेग कितीही दिसला तरी माहितीची पाकिटं वेळेवर पोचण्याची खात्री नसते, आणि आवाजाला खात्रीच लागते.

जोडणीच्या बाबतीत एक गाठ आधीच सोडवून ठेवा. दोन्हीकडे पत्ते हाताने द्यायचे: मॅकला १९२.१६८.१०.१, पीसीला १९२.१६८.१०.२, मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची (इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराची) जागा रिकामी सोडायची, म्हणजे मॅकचं इंटरनेट वायफायवरून जातं आणि ही केबल फक्त संगीतासाठी उरते. वायफायच्या राउटरचे पत्तेही १९२.१६८.१० नेच सुरू होत असतील तर इथे दुसरा आकडा घ्या. गेटवे नसलेल्या अशा जाळ्याला विंडोज ‘अनोळखी’ समजून पब्लिक प्रकारात टाकतं आणि फायरवॉल सर्व्हरला अडवतो. मॅकवरच्या यादीत सर्व्हर दिसत नसेल तर दहातले नऊ वेळा कारण हेच असतं. फायरवॉलमध्ये त्या प्रोग्रामला पब्लिक जाळ्यासाठीही परवानगी दिली की तो दिसायला लागतो. पीसीची झोप बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, आणि लॅन कार्डाच्या सेटिंगमध्ये वीज वाचवणारी सोय बंद. एवढं केलं की त्या यंत्राकडे पुन्हा बघावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. लोक हे सॉफ्टवेअर ताकद वाढवण्यासाठी घेतात, मीही त्याचसाठी घेतलं. ती वाढलीच. पण माझं काम खऱ्या अर्थाने बदललं ते त्यातल्या ‘प्रिझर्व्ह’ नावाच्या छोट्या बटणाने. ते चालू असलं की लॉजिकमधलं गाणं बंद केलं तरी पलीकडच्या संगणकावर वाद्यं उघडीच राहतात. दुसरं गाणं उघडा, तीच वाद्यं त्याला लगेच जोडली जातात. पूर्वी एका नाटकातून दुसऱ्या नाटकात जायचं म्हणजे सगळे नमुने परत रॅममध्ये भरेपर्यंत थांबायचं. दिग्दर्शक शेजारी बसलेला असताना तो वेळ फार जड जातो. “ताई, तिसऱ्या प्रवेशातली ती सनई परत एकदा ऐकवा ना, आणि मग लगेच शेवटचा प्रवेश,” असं कुणी म्हणालं की पूर्वी मी त्यांना मनातल्या मनात ‘नको’ म्हणायचे. आता प्रवेशांच्या फाइली वेगवेगळ्या ठेवते आणि ते सांगतील तशा उघडत जाते. दोन पर्याय पाठोपाठ ऐकता आले की निर्णय चांगले होतात. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात रंगीत तालमीच्या आदल्या रात्री प्रकाशयोजना बदलते आणि संगीताचे दोन सेकंद कमी करावे लागतात, तेव्हा या सोयीची किंमत नाटकवाल्यांनाच कळेल.

त्याच्या जोडीला ‘डीकपल’ आहे. ते बंद असेल तर लॉजिकमध्ये प्रत्येक वेळी सेव्ह करताना पलीकडच्या सगळ्या वाद्यांची स्थिती गाण्याच्या फाइलमध्ये लिहिली जाते. फाइल फुगते आणि सेव्हला वेळ लागतो. डीकपल केलं की सेव्ह झटक्यात होतं, पण मग सर्व्हरचा प्रोजेक्ट वेगळा जपून ठेवण्याची जबाबदारी आपली. मी नाटकाच्या नावाने त्याची प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवते. ज्यांच्याकडे एकच कायमचा साचा आहे त्यांनी डीकपल वापरावं. ज्यांची वाद्यं दर गाण्याला बदलतात त्यांनी ते बंदच ठेवलेलं बरं, असं माझं मत झालं आहे.

विलंबाबद्दल (कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या वेळेबद्दल) स्पष्ट बोलते, कारण जाहिरातीत ते सापडत नाही. लॉजिकचा बफर (एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा) २५६ सॅम्पलचा असेल तर ४८ किलोहर्ट्झला तो ५.३ मिलिसेकंद होतो. एन्सेम्बल प्रो त्यावर आपले बफर चढवतो. दोन ठेवले तर आणखी १०.७ मिलिसेकंद. तंतुवाद्यांचे लांब सूर वाजवताना हे कळतही नाही. ढोल किंवा तबल्याचे बोल कीबोर्डवर वाजवताना बोटांना लगेच कळतं. म्हणून जे हाताने वाजवायचं त्याची एक हलकी प्रत मी मॅकवरच ठेवते, त्यावर वाजवते आणि नंतर तो मिडी पलीकडच्या पूर्ण ढोलाकडे वळवते. आधीच मुद्रित असलेलं ऐकताना आणि मिक्स करताना लॉजिक हा विलंब स्वतः भरून काढतं, तिथे काळजी नाही.

लॉजिकवाल्यांना आणखी एक गोष्ट सांगायची. नेहमीच्या एयू (ॲपलच्या पद्धतीच्या) प्लगइनमधून एका वेळी मिडीचे १६ चॅनेलच जातात. सगळा वाद्यवृंद एकाच खोक्यात कोंबू नका. तंतुवाद्यं, सुषिर वाद्यं, ताल आणि तानपुरे असे माझे वेगवेगळे गट आहेत. एखादं वाद्य या नाटकात नको असेल तर त्याचा चॅनेल ‘डिसेबल’ करता येतो. रॅम मोकळी होते आणि हवं तेव्हा ते सगळ्या सेटिंगसकट परत येतं.

खर्चाचं बघा. किंमत युरोत आहे, माझ्या एका नाटकाच्या मानधनाच्या जवळपास गेली. परवाना आयलॉक पद्धतीचा, म्हणजे यूएसबी काडीवर किंवा क्लाउडवर ठेवायचा. आधी या कंपनीचा परवाना ईलायसेन्सरच्या काडीवर असायचा, २०२२ मध्ये तो आयलॉककडे गेला. आयलॉक क्लाउडवर ठेवायचा तर इंटरनेट सतत चालू लागतं, म्हणून आपल्याकडे यूएसबी काडी घेतलेली उत्तम. तिचे पैसे धरा. आणि हे विसरू नका की वाद्यं पलीकडच्या संगणकावर चालतात, म्हणून ती तिथेही इन्स्टॉल हवीत आणि त्यांचा परवाना तिथेही चालायला हवा. प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असतात. आपल्या वाद्यांच्या अटी वाचूनच पैसे भरा.

फुकटात सुरुवात करायची असेल तर ऑडिओग्रिडर आहे, मुक्त स्रोताचं. त्याची एक गोष्ट मला मनापासून आवडते: पलीकडच्या प्लगइनची खिडकी तो आपल्या पडद्यावरच दाखवतो, दुसऱ्या संगणकाचा पडदा बघावाच लागत नाही. रिव्हर्बसारखे (आवाजाला घुमारा देणारे) जड इफेक्ट बाहेर काढायला तो फार सोयीचा. मोठा वाद्यवृंद कायम उघडा ठेवण्यासाठी मात्र मी एन्सेम्बल प्रोच निवडेन. दोन ऑडिओ इंटरफेस एडॅट या डिजिटल आवाज-पद्धतीच्या ऑप्टिकल केबलने जोडण्याची जुनी पद्धत अजूनही चालते, पण ४८ किलोहर्ट्झला एका केबलवर आठच चॅनेल, मिडीची सोय वेगळी, आणि दोन्हींचं सॅम्पल मोजणारं घड्याळ एकाच्या ताब्यात द्यावं लागतं. आज नव्याने सुरू करणाऱ्याने त्या वाटेला जायचं कारण मला दिसत नाही.

एन्सेम्बल प्रोची मुख्य खिडकी पीसीवरच उघडते, त्यामुळे पीसी बघण्याची काहीतरी सोय लागते. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही, प्रोमध्ये येतं. माझ्याकडे होम आहे, म्हणून पीसीची दुसरी केबल त्याच मॉनिटरला लावली आणि इनपुट बदलते.

या जोडणीतून मिळालेली आणखी एक गोष्ट म्हणजे शांतता. इथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून पंखे गरगरणारा डेस्कटॉप मी सरळ कोठीच्या खोलीत ठेवला. आता हार्मोनियमसमोर माइक लावला की भात्याचा श्वास स्वच्छ येतो, मागे कसलीही घरघर नाही. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीचं दार उघडं ठेवावं लागतं, कारण नाशिकचा उन्हाळाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

ज्यांची गाणी दहा-पंधरा ट्रॅकची असतात, त्यांना यातलं काहीच लागणार नाही. लॉजिकमधलं ‘फ्रीझ’ (ट्रॅकचा आवाज तात्पुरता मुद्रित करून ठेवणारी सोय) वापरा, ते फुकट आहे. आणि जुना पीसी नव्याने विकत घ्यायचा असेल तर आधी त्याला यूपीएस घ्या. दिवे गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर जाताना जो क्षण जातो, तेवढ्यात डेस्कटॉप पुन्हा सुरू होऊ शकतो. मग सगळा वाद्यवृंद परत भरावा लागतो, आणि प्रिझर्व्हचा तिथे काही उपयोग नसतो.