मिनिफोर्ज वापरल्यावर कंपायलरची कटकट किती उरते?

‘फेल्ड बिल्डिंग व्हील’ ही पिपची (पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या साधनाची) लाल ओळ वाचून कुणालाच काही कळत नाही. खरं कारण बरंच वर असतं. ‘एरर’ हा शब्द जिथे पहिल्यांदा येतो तिथे जा, म्हणजे पाणी कुठे मुरतंय ते दिसेल: बिल्डला लागणारी एखादी हेडर फाइल नाही, फोर्ट्रान कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) नाही किंवा लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही. मुळात तुमच्या पायथनसाठी आणि प्रोसेसरसाठी तयार व्हील, म्हणजे आधीच बांधलेलं पॅकेज, मिळालं नाही, तरच पिप ते सोर्स कोडपासून बांधायला कंपायलरच्या वाटेला जातो. त्यामुळे कंपायलर शोधत बसण्याआधी पायथन एक आवृत्ती जुना घेऊन बघावा. पुष्कळदा काम तिथेच होतं.

मिनिफोर्ज हा कोंडा-फोर्ज समुदायाचा फुकट इन्स्टॉलर. त्यात कोंडा आणि मांबा ही पॅकेजेस टाकणारी दोन्ही साधनं येतात. त्याचा मोठा गुण असा की पायथनबरोबरच सी, सी++ आणि फोर्ट्रानच्या लायब्रऱ्याही तो बांधून तयार देतो.

नकाशांच्या फाइल्स वाचणाऱ्या जीडाल या लायब्ररीचंच बघा. नकाशांचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ते लागतं, पण पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजेस घेतो त्या साठ्यात, त्याचा फक्त सोर्स आहे. उबुंटू २२.०४ वर ‘लिबजीडाल-डेव्ह’ हे जीडालच्या लायब्ररीचं पॅकेज टाकलं की ३.४.१ ही आवृत्ती येते. मग पिपलाही नेमकी ३.४.१ च मागावी लागते. नुसतं ‘जीडाल’ म्हटलं तर तो ताजी आवृत्ती उचलतो आणि लायब्ररी जुनी असल्याची तक्रार करून थांबतो. शिवाय बिल्डच्या वेळी नमपाय (आकड्यांच्या अ‍ॅरेची पायथन लायब्ररी) हाताशी नसेल तर इन्स्टॉल बिनतक्रार होतं, आणि रास्टर, म्हणजे चित्रासारखा नकाशा, अ‍ॅरेमध्ये वाचताना ‘_जीडाल_अ‍ॅरे’ हा भाग सापडत नाही. हा दोष फार उशिरा कळतो, म्हणून जास्त त्रासाचा. मिनिफोर्जमध्ये नवं एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेसचा स्वतंत्र कप्पा) करून ‘मांबा इन्स्टॉल जीडाल’ एवढंच करायचं. याच एका कारणासाठी तो घ्यावा.

पायथनला जोडायचं स्वतःचं सी किंवा फोर्ट्रान एक्स्टेन्शन बांधायचं असेल तर ‘कंपायलर्स’ नावाचं पॅकेज टाका आणि एन्व्हायर्नमेंट पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. ही पायरी बरेच जण विसरतात. अ‍ॅक्टिव्हेट करतानाच कोणता कंपायलर वापरायचा हे सांगणारी ‘सीसी’, ‘सीएक्सएक्स’ ही व्हेरिएबल्स भरली जातात. ती रिकामी राहिली तर बिल्ड करताना ऑपरेटिंग सिस्टिमचा जीसीसी कंपायलर उचलला जाऊ शकतो. मॅकवर या पॅकेजचा विशेष फायदा आहे. अ‍ॅपलचा क्लँग हा कंपायलर ओपनएमपीचा (एकाच वेळी अनेक कोअर वापरण्याचा) पर्याय ओळखत नाही, कोंडा-फोर्जचा ओळखतो. मात्र अ‍ॅपलची कमांड लाइन टूल्स तरीही लागतात, आणि मॅकओएस अपडेटनंतर ही टूल्स शोधणारा ‘एक्ससीरन’ रुसला तर ती पुन्हा टाकावी लागतात.

जुन्या फोर्ट्रान कोडला मिनिफोर्जकडेही तयार औषध नाही. जीफोर्ट्रान या फोर्ट्रान कंपायलरच्या १० व्या आवृत्तीपासून आर्ग्युमेंटच्या रँकमधली (अ‍ॅरेच्या मितींच्या संख्येतली) तफावत ही एरर ठरते. कंपायलरला सूचना देणाऱ्या ‘एफफ्लॅग्ज’ या व्हेरिएबलमध्ये ‘-एफअलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ घातलं की बिल्ड पुढे सरकतं, पण खरी दुरुस्ती कोडमध्येच व्हायला हवी.

विंडोजवर मात्र निराशा होते. तिथे कोंडा-फोर्जचं सी++ कंपायलर पॅकेज मायक्रोसॉफ्टचा कंपायलर आणत नाही, आधीच असलेला शोधून जोडून देतं. तेव्हा व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्स घेणं आलंच, आणि त्यात ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++’ यावर खूण करायची. ती राहिली तर ‘व्हिज्युअल सी++ १४.० हवं’ ही एरर तशीच येत राहते.

मिनिफोर्ज घेऊनही गोंधळ होतो तो बहुतेक कोंडा, पिप आणि सिस्टिमच्या लायब्रऱ्यांच्या सरमिसळीमुळे. ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.२९ नॉट फाउंड’ दिसलं तर जीसीसी ११ किंवा पुढच्या आवृत्तीने बांधलेलं पॅकेज सिस्टिमच्या जुन्या लिबएसटीडीसी++ शी (सी++ च्या मूळ लायब्ररीशी) जोडलं गेलंय असं समजा. अशा वेळी आधी लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारं ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे व्हेरिएबल रिकामं करून बघा. जे कोंडाकडून मिळतं ते सगळं आधी घ्या आणि पिप शेवटी वापरा. त्यानंतर पुन्हा कोंडाने भर घातली तर पिपने टाकलेल्या फाइल्सवर तो लिहू शकतो. त्यापेक्षा एन्व्हायर्नमेंट नव्याने केलेलं बरं.

ऑफिससाठी घेत असाल तर आणखी एक तपासणी करा. कोंडा बनवणाऱ्या अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या ‘डिफॉल्ट्स’ चॅनेलला (पॅकेजेसच्या साठ्याला) मोठ्या कंपन्यांसाठी सशुल्क परवाना लागतो. मिनिफोर्ज ते चॅनेल आपणहून वापरत नाही, पण होम फोल्डरमधल्या जुन्या ‘.कोंडाआरसी’ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ते लिहिलेलं असेल तर तिथूनही पॅकेजेस येत राहतात. ती ओळ काढून टाका.