लेदर सीट ‘नव्यासारख्या’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

गाडीच्या लेदर सीट घरी येऊन नव्यासारख्या करून देतो, असं सांगणाऱ्या एका माणसाने आमचे साडेसहा हजार रुपये नेले आणि सीट पहिल्यापेक्षा वाईट करून ठेवल्या. पुण्यात अशा जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात, म्हणून त्याची युक्ती नीट सांगते.

आमची गाडी जुनी, सीट टॅन रंगाच्या. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड चढता-उतरता घासून भेगाळली होती. बाकी सीट नुसत्या मळल्या होत्या. तो म्हणाला, “ताई, आधी बघा, मग ठरवा.” बाटलीतलं काहीतरी पांढऱ्या फडक्यावर घेऊन त्याने सीटचा कोपरा खसाखसा घासला. फडकं तपकिरी झालं. “बघा, किती मळ बसलाय!” डोळ्यांदेखत दिसलं म्हटल्यावर बाबांनी होकार दिला.

तो मळ नव्हता. गाडीच्या बहुतेक लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने घासलं की हे थरच सुटतात. फडक्यावर आला होता तो आमच्या सीटचा रंग! फडक्याला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वासही येत होता. फडक्यावर सीटचाच रंग उतरला आणि असा वास आला, तर काम तिथल्या तिथे थांबवा.

मग त्याने ‘नॅनो कोटिंग’ म्हणून काहीतरी चोपडलं आणि तासाभरात सगळ्या सीट चकाचक केल्या. पैसे दुसऱ्याच कुणाच्या नावावर यूपीआयने घेतले. बिल नंतर पाठवतो म्हणाला, ते आलंच नाही. गाडी उन्हात उभी राहिली आणि सीट चिकट झाल्या. आईच्या मोतिया साडीला मागून तपकिरी डाग पडले, ते धुऊनही निघाले नाहीत. भेगांवरचा रंग पापुद्र्यांनी सुटला. फोनवर आधी “उन्हाने होतं, बसेल हळूहळू” असं उत्तर मिळालं, मग नंबरच ब्लॉक.

नाना पेठेत सीटचं काम करणाऱ्या एका काकांनी तो थर नखाने उकरून दाखवला. भेगा बुजवलेल्याच नव्हत्या. शिवाय आमच्या सीटच्या कडेच्या बाजू आणि पाठीमागचा भाग रेक्झिनचा आहे. बऱ्याच ‘लेदर सीट’च्या गाड्यांत अस्सल चामडं फक्त बसायच्या-टेकायच्या भागालाच असतं. त्या माणसाने ‘लेदर कंडिशनिंग’चे पैसे मात्र सगळ्याचे लावले होते.

मळ काढायला थिनर लागतच नाही. आधी व्हॅक्यूम, मग लेदरचा सौम्य क्लीनर, मऊ ब्रश आणि ओलसर मायक्रोफायबर, तेही सावलीत. आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या जागी लावून बघा. भेगांचं काम वेगळं आणि सावकाशीचं: हलकं घासून तेलकटपणा काढायचा, लवचीक फिलर भरायचा, रंगाचे पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, शेवटी टॉपकोट, म्हणजे वरचा पारदर्शक संरक्षक थर. तासाभरात सगळ्या सीट करून देणारा यातलं काय करणार?

असं कुणी फसवलं असेल तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद, चॅट आणि सीटचे आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तिथे तोडगा निघाला नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेसाठी तिथे फी भरावी लागत नाही.