छोट्या हातांसाठी शॅडो २ पिस्तूल: पातळ ग्रिप, ट्रिगर आणि दुखरं कोपर (दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू)

आधी हाताचं माप सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात साडेसहा इंच. इथे टेक्सासमध्ये मी ज्या क्लबात यूएसपीएसएच्या (अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल शूटिंगच्या, म्हणजे पळत-पळत वेळेवर मारायच्या नेमबाजीच्या संघटनेच्या) मॅचेस खेळते तिथे मला ग्रिपबद्दल सल्ला देणारी बहुतेक माणसं सहा फुटी, पंजे मोठे, आणि त्यांनी जे सांगितलं ते मनापासून सांगितलं, त्यांच्या हाताला ते बरोबरही होतं, पण माझ्या हाताला नव्हतं. हे कळेपर्यंत सहा महिने गेले आणि उजवं कोपर दुखायला लागलं ते वेगळंच. भारतातून शूटिंग करून आलेल्या आणि इथे प्रॅक्टिकलमध्ये उतरू बघणाऱ्या दोन-तीन मराठी मुलींनी विचारलं म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

पिस्तूल सीझेड शॅडो २, ऑप्टिक्स रेडी मॉडेल, वर रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच, तोच पुढे 'डॉट'), गट म्हणजे डिव्हिजन कॅरी ऑप्टिक्स. मूळ शॅडो २ २०१६ मध्ये आलं, चेक प्रजासत्ताकातल्या उहेर्स्की ब्रोदला बनतं, अख्खं स्टीलचं, वजन साधारण १३३० ग्रॅम. ते वजन पहिल्या दिवशी खांद्याला जाणवतं, पण बार उडाल्यावर डॉट कसा शांतपणे परत जागेवर येतो ते बघितलं की वजनाबद्दल काही म्हणावंसं वाटत नाही. सीझेड ७५ च्या घराण्यातलं असल्यामुळे स्लाइड (बार उडाल्यावर मागे-पुढे होणारा वरचा भाग) फ्रेमच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, आतल्या बाजूने सरकते, त्यामुळे हात बॅरलच्या अगदी जवळ, उंच बसतो. याचा तोटाही आहे, स्लाइड बुटकी असल्याने घामट हाताने मागे ओढताना पकडायला फारसं काही मिळत नाही. तरी मला हे पिस्तूल फार आवडतं, हे आधीच सांगून टाकते.

मी पुण्यात बालेवाडीला १० मीटर एअर पिस्तूल मारायचे. तिथे एक हात, लाकडी ग्रिप, तीही आपल्या पंज्याच्या आकाराला कानस मारून, पुट्टी भरून बसवलेली, ट्रिगर ५०० ग्रॅमचा, आणि ६० शॉट्सना सव्वा तास. श्वास सोडायचा, थांबायचं, ट्रिगर आपोआप सुटल्यासारखा सुटला पाहिजे. इथे टायमरची बीप वाजली की होल्स्टरमधून काढायचं, पळायचं, एका स्टेजला ३२ राउंडपर्यंत, आणि गुणांना सेकंदांनी भागून जो हिट फॅक्टर येतो तोच तुमचा स्कोअर. जुनं जे शिकले त्यातलं डोळ्याचं आणि बोटाचं कामाला आलं, पण पकडीचं जवळपास काहीच नाही, कारण एका हाताने अलगद तोलणं वेगळं आणि दोन हातांनी उसळी दाबून धरणं वेगळं.

आता ग्रिप पॅनल, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंना स्क्रूने बसवलेल्या पट्ट्या. पिस्तुलासोबत जी अॅल्युमिनियमची पॅनल येतात ती पातळच असतात, पण जुलैच्या उन्हात घामाने मला पकड कमी वाटायला लागली आणि सगळ्यांनी सांगितलं की जाड, पाम स्वेलवाली (तळव्यात भरणाऱ्या फुगवट्याची) जी१० ची घे, हात भरतो. जी१० म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड आणि इपॉक्सी यांचे थर दाबून केलेलं मटेरियल, दगडासारखं टणक, घामाने फुगत नाही की घसरत नाही. मी एका कंपनीची घेतली (नाव लिहीत नाही, वस्तू वाईट नव्हती, माझ्या मापाची नव्हती). टेक्स्चर म्हणजे नुकता टाकी लावलेला पाटा! डाव्या तळव्याची सालटं निघाली, ते एकवेळ चाललं असतं, घट्टे पडून हात तयार होतो. खरा घोटाळा जाडीचा होता.

शॅडो २ चा पहिला शॉट डबल अॅक्शन असतो, म्हणजे हॅमर (मागचा ठोका मारणारा घोडा) खाली असतो आणि ट्रिगर ओढूनच तो आधी मागे जातो, मग सुटतो, आणि अशा वेळी ट्रिगर बराच पुढे असतो, त्या पद्धतीच्या सगळ्याच पिस्तुलांत असतो. पिस्तुलाची पाठ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बरोबर मधोमध बसायला हवी म्हणजे उसळी सरळ मनगटातून मागे जाते. जाड पॅनलमुळे दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलीमीटर वाढले आणि माझं बोट ट्रिगरवर नुसतं टोकाने पोचायला लागलं, मग बोट पोचावं म्हणून मी नकळत अख्खा हात उजवीकडून पुढे फिरवायला लागले, पाठ बेचक्यातून सरकून अंगठ्याच्या सांध्यावर आली, प्रत्येक बार त्या सांध्यावर बसायचा आणि पिस्तूल हातात थोडं थोडं फिरायचं, ते थांबवायला मी आणखी आवळायचे. तीन महिने मला वाटत होतं की माझा ट्रिगर कंट्रोल गेलाय. पहिला शॉट खाली-डावीकडे, दर वेळी. ट्रिगरमध्ये काही नव्हतं. उजव्या हाताने आवळता आवळता बोट ओढलं की बाकीची तीन बोटंही सोबत आवळतात, आणि उजवऱ्या माणसाचा डॉट खाली डावीकडे जातो. ट्रिगरची तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या आठ जणांची तक्रार मला आता पकडीची वाटते.

एका मॅचमध्ये स्क्वॉडमधल्या (सोबत खेळणाऱ्या गटातल्या) एका वयस्कर बाईंनी माझा हात धरून बघितला, त्यांचाही लहान. त्यांनी त्यांच्या पिस्तुलावरची 'लोक ग्रिप्स' (LOK Grips) या कंपनीची थिन बोगीज नावाची पॅनल दाखवली, पातळ आणि तरी खरखरीत. तीच मागवली. शंभर डॉलरच्या आत काम झालं, दोन बाजूंना एकेक स्क्रू, पाच मिनिटांत बसली. पहिल्याच दिवशी पाठ बेचक्यात मधोमध बसली आणि तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरच्या मधे आलं, डबल अॅक्शनमध्येसुद्धा. बोट आणि फ्रेममध्ये थोडी फट दिसायला लागली, ती दिसायला हवी, बोट फ्रेमला घासत असेल तर ते डॉट ढकलणारच.

पॅनल पातळ झालं की डाव्या हाताला जागा मिळते हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. उजव्या हाताची बोटं गुंडाळल्यावर डाव्या पॅनलवर जो मोकळा भाग उरतो तिथे डाव्या तळव्याचं बूड बसतं, बोटं ट्रिगर गार्डच्या खाली घट्ट भिडलेली, मनगट पुढे झुकवून कुलूप घातल्यासारखं, दोन्ही अंगठे पुढे आणि मोकळे. उजवा हात पुढून-मागून धरतो, डावा बाजूंनी दाबतो, सांडशीसारखा, आणि सांडशी ढिली धरली की पातेलं कसं फिरतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जोर डाव्या हाताचा जास्त. उजव्याचा इतकाच की तर्जनी एकटी हलू शकेल.

फरक आकड्यांत सांगते. दोन शॉटमधलं अंतर, स्प्लिट, जवळच्या टार्गेटवर ०.२८ वरून ०.२४ सेकंदावर आलं, हे माझ्या टायमरचं, दहा-दहा वेळा मारून काढलेलं. पण मला जास्त आनंद ए झोनचा, म्हणजे टार्गेटच्या मधल्या, सगळ्यात जास्त गुणांच्या भागाचा, झाला. मायनर पॉवर फॅक्टरला (कमी जोराच्या गोळ्यांच्या गुणपद्धतीत) ए चे ५, सी चे ३, डी चा १. समजा ३२ राउंडची स्टेज, १६० गुण, २५ सेकंदांत मारली तर हिट फॅक्टर ६.४. म्हणजे एक सी बसला की गेलेले २ गुण साधारण ०.३ सेकंदांच्या किमतीचे. चार शंभरांश सेकंदांचा स्प्लिट वाचवून एक सी मारला तर तोटाच झाला. म्हणून ग्रिप बदलल्यावर फक्त टायमर बघू नका, टार्गेट चिकटपट्टीने बुजवायच्या आधी भोकं कुठे आहेत ते बघा.

ट्रिगरबद्दल. मी मेनस्प्रिंग बदलून घेतली, एका गनस्मिथकडून. त्याने फारच हलकी टाकली, डबल अॅक्शन लोण्यासारखी झाली आणि पुढच्याच मॅचमध्ये तीनदा नुसता टक आवाज आला, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाला असलेल्या, ठोका बसला की पेटणाऱ्या टिकलीवर) हलकी खूण आणि बार नाही. हॅमरला जोर देणारी हीच स्प्रिंग, ती जितकी हलकी तितका ठोका हलका, आणि कडक प्रायमर पेटत नाहीत. फेडरलचे प्रायमर मऊ असतात, हातभरणीवाले (स्वतःची काडतुसं घरी भरणारे) लोक म्हणून तेच शोधत असतात, पण दर वेळी तेच मिळतील यावर मॅच लावायची मला हिंमत नाही. एक पायरी जड स्प्रिंग टाकली, तेव्हापासून एकही बार चुकला नाही. हलक्या ट्रिगरपेक्षा हाताला ओळखीचा ट्रिगर बरा असं माझं ठाम मत झालंय. रोज रात्री पंधरा मिनिटं ड्राय फायर (गोळी न भरता ट्रिगरचा सराव), पिस्तूल तीनदा तपासून, खोलीत एकही राउंड नाही, स्नॅप कॅप (नकली काडतूस) घालून, भिंतीवर छोटा काळा ठिपका. डबल अॅक्शन ओढताना डॉट थरथरला तर थरथरू दे, पण ट्रिगर सुटायच्या क्षणी तो खाली बुडाला की समजायचं उजवा हात आवळला. डबल अॅक्शनची ही सक्तीची प्रॅक्टिस मला सगळ्यात उपयोगी पडली.

हो, शॅडोचा हॅमर खाली आणताना अंगठ्याने धरून ट्रिगर दाबून हळू सोडावा लागतो. घामट हाताने तो निसटला आणि बार उडाला तर मॅच तिथेच संपली, डीक्यू, म्हणजे बाद. माझं सांगणं एवढंच की 'मेक रेडी' (भरून तयार व्हा हा हुकूम) ऐकल्यावर घाई करायची नाही, आधी पँटला हात पुसायचा, नळी बर्मकडे (गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे) ठेवायची, मग हॅमर.

घामासाठी लिक्विड चॉक पुरतं, मॅग्नेशियम कार्बोनेट आणि अल्कोहोल, लगेच वाळतं, पण दर दोन स्टेजनी लावावं लागतं. अँटिहायड्रल नावाचं जर्मन क्रीम गिर्यारोहक वापरतात तेही रात्री लावून बघितलं, हात खरंच कोरडे होतात, पण इतके की दुसऱ्या दिवशी पोळ्यांची कणीक मळताना बोटांच्या घड्या चिरल्या. आता आठवड्यातून एकदाच, फक्त तळव्याला, सांध्यांवर नाही. आणि खरखरीत पॅनलच्या खाचांत बारूद, शिसं साचतं, ते हाताला लागतं. घरी लहान मुलगी आहे, त्यामुळे रेंजवरच शिशाचे वाइप्स आणि गार पाणी, त्याआधी डब्याला हात नाही. पॅनल मी महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने घासते, तेव्हाच स्क्रूही तपासते. ते बार उडण्याच्या धक्क्याने कुठल्याही पिस्तुलाचे ढिले होतात, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिले होऊ न देणाऱ्या डिंकाचा) एक थेंब पुरे.

कोपराचं आता. जाड पॅनल आवळून आवळून कोपराच्या आतल्या बाजूला कळ यायला लागली, गोल्फर्स एल्बो, दुधाचा गॅलन उचलता येईना. त्यात मी पकड वाढवायला म्हणून हँड ग्रिपर रोज दाबत होते, तोही माझ्या ताकदीबाहेरचा, म्हणजे आगीत तेल. आठ आठवडे लाइव्ह फायर (खऱ्या गोळ्या मारणं) बंद. फिजिओने रबरी दांडा पिळायचा व्यायाम दिला, हळूहळू सोडत जायचा. आता कॅप्टन्स ऑफ क्रश या हँड ग्रिपरमधला ६० पाउंडवाला, 'गाइड' नावाचा, आठवड्यातून दोनदा, आणि प्रत्येक वेळी नंतर बोटांना रबरबँड लावून उलट दिशेने उघडायचं. लोक ही उलट बाजू विसरतात. दुखत असताना 'सवय होईल' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, मी ऐकलं आणि अख्खा उन्हाळा घालवला.

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी: दुकानात गेलात की काउंटरवरच्याला विचारून पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः बघा, सुरक्षित दिशेला धरा, हॅमर खाली असताना पाठ बेचक्यात मधोमध बसवा आणि मग हात अजिबात न फिरवता बोट ट्रिगरवर ठेवा. पहिल्या पेराचा मधला भाग आला तर ते पॅनल तुमचं. नुसतं नखाजवळचं टोक आलं तर त्याहून पातळ मागा, आणि सगळ्यात पातळ पॅनललाही टोकच येत असेल तर शॉर्ट रीच ट्रिगर (बोटाच्या जवळ येणारा) बघा किंवा स्ट्रायकरवालं (बाहेर हॅमर नसलेलं) दुसरं पिस्तूल हातात घेऊन बघा. टेक्स्चर त्यानंतर. मला थिन बोगीजवर दीड वर्ष झालं, कडा थोड्या गुळगुळीत झाल्यात, घामात अजून घसरत नाहीत, आणि या सीझनला तीच ठेवणार आहे.