स्प्रिंग, पंप की भरलेली हवा? कागदावर नेम धरणाऱ्यांनी कोणती एअर रायफल घ्यावी

एअर रायफल घ्यायला निघालेला माणूस आधी खोक्यावरचा वेग वाचतो. तो आकडा बाजूला ठेवला तर निवड बरीच सोपी होते. एक तर तो बहुधा अगदी हलका छर्रा वापरून मिळवलेला असतो. शिवाय छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास पोचला की डळमळायला लागतो आणि नेम विस्कटतो. १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या १० मीटर एअर रायफल प्रकारात छर्रा सेकंदाला साधारण १७०-१७५ मीटरनंच जातो, आणि तिथला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. कागदावर भोकं पाडायला याहून जास्त जोर लागत नाही.

मग बघायचं काय? छर्ऱ्याला ढकलणारी हवा कुठून येते, ते. रायफलचं वजन, आवाज, देखभाल आणि तुमची सरावाची सवय, बरंचसं त्यावरूनच ठरतं.

सगळ्यात जास्त दिसते ती स्प्रिंगची. नळी बिजागरीवर मोडून (म्हणजे वाकवून) खाली ओढली की आतली स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे धावतो आणि त्याच्यापुढची हवा छर्ऱ्याला हाकलते. बाहेरचं काहीच लागत नाही, छर्ऱ्यांचा डबा असला की झालं. मात्र छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच तो जड पिस्टन पुढे जाऊन थांबलेला असतो. त्यामुळे रायफल आधी मागे सरकते आणि लगेच पुढे हिसकते. अशी रायफल घट्ट आवळून धरली किंवा टणक टेकूवर ठेवली तर छर्रे कागदभर पसरतात. ती सैल हातानं, दर वेळी त्याच जागी तळवा ठेवून, तिला हवी तशी हलू देत चालवावी लागते. हे जमायला वेळ लागतो आणि सुरुवातीला चिडचिडही होते. पण एकदा जमलं की कुठलीही रायफल धरता येते; माझ्या मते स्प्रिंगचा खरा फायदा हाच.

स्प्रिंग घेणाऱ्यानं जोरदार मॉडेलच्या मोहात पडू नये. जोर वाढला की नळी मोडायला ताकद लागते, झटका वाढतो, आणि चाळीसएक छर्ऱ्यांनंतर खांदे बोलायला लागतात. मध्यम जोराची आणि चांगल्या ट्रिगरची घ्यावी. स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावायचा असेल तर एअर रायफलसाठीच बनवलेला लावा. या उलट्या झटक्यानं बंदुकीचे महागडे स्कोपही निकामी होतात. छर्रा न घालता ट्रिगर दाबू नये, कारण मग पिस्टन मधे हवेची गादी नसल्यासारखा आदळतो. आणि छर्रा भरताना मोडलेली नळी एका हातानं धरून ठेवायचीच. ती अचानक मिटली तर बोटं सापडतात.

गॅस रॅम म्हणजे स्प्रिंगच्या जागी दाबलेल्या वायूचा बंद सिलिंडर. झणझण कमी, आणि ताणलेल्या अवस्थेत थोडा वेळ राहिली तरी स्प्रिंगसारखी दमत नाही. झटका मात्र उरतोच, आणि बिघडली तर घरी उघडण्यासारखी नसते. कागदावरच्या सरावासाठी दोन्हींत फार फरक मला वाटत नाही.

फक्त १० मीटर आणि फक्त कागद, असं मनात पक्कं असेल तर एका प्रकाराकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात: एकदाच पंप करायची रायफल. बाजूचा लांब दांडा एकदा उघडून मिटला की एका छर्ऱ्यापुरती हवा आत दाबली जाते. झटका जवळजवळ नाही, दर छर्ऱ्याचा वेग सारखा, आणि टाकी संपायची भीती नाही. स्पर्धेच्या जुन्या रायफलींमध्ये हा प्रकार बराच सापडतो. जुनी घेताना आतली सीलं कडक झालेली नाहीत ना, ते बघा: पंप करून काही मिनिटं ठेवा, मग कागदावर झाडा. छर्रा नेहमीपेक्षा खाली लागला तर हवा गळते आहे. याचंच भावंड म्हणजे अनेकदा पंप करायची. तिच्यात जोर कमीजास्त करता येतो, पण दर छर्ऱ्याआधी पाच-सहा वेळा पंप मारून धापा टाकत नेम धरण्यात काही मजा नाही.

सीओटूच्या १२ ग्रॅमच्या नळकांड्यांवर मुख्यतः पिस्तुलं चालतात. डबे पाडायला झकास. पण त्या वायूचा दाब तापमानावर चालतो. थंडीत छर्रे मंदावतात, आणि भराभर झाडले तर नळकांडंच गार पडून तोच परिणाम होतो. मन लावून गुण मोजायचे असतील तर हा प्रकार नको.

आता पीसीपी, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेली टाकी. आजची जवळपास प्रत्येक स्पर्धेची रायफल अशीच असते, कारण झटका नाही, ट्रिगर हलका, आणि धरण्यातली लहानसहान चूक ती पोटात घालते. ज्याला लगेच छोटं ग्रुपिंग, म्हणजे सगळे छर्रे कागदावर जवळजवळ लागलेले, हवे आहे त्यानं हीच घ्यावी. पण ही खरेदी रायफलवर थांबत नाही. टाकीत २०० बार किंवा त्याहून जास्त दाब लागतो. गाडीच्या चाकात दोन-तीन बार असतो, म्हणजे चाकाचा पंप इथे बिनकामाचा. खास हातपंप, पाणबुड्यांचा सिलिंडर किंवा छोटा कॉम्प्रेसर यांपैकी काहीतरी हवंच. हातपंपानं टाकी भरणं हा चांगलाच व्यायाम आहे. क्लबात हवा भरायची सोय असेल तर पीसीपीविरुद्धची निम्मी तक्रार तिथेच संपते.

पीसीपी घ्यायची ठरली तर रेग्युलेटर, म्हणजे दर छर्ऱ्याला सारखाच दाब देणारा भाग, असलेली घ्या. तो नसला की टाकीतला दाब उतरत जातो तसा वेगही बदलतो, आणि ठरावीक छर्ऱ्यांपलीकडे नेम सरकतो. टाकीत कोरड्या हवेशिवाय काही भरायचं नाही. ऑक्सिजन तर कधीच नाही, आणि सीलांना पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीसही नाही. एवढ्या दाबाखाली ते पेटू शकतं. सिलिकॉनचं वापरा.

छर्ऱ्याच्या व्यासाच्या बाबतीत मी फार वेळ घालवणार नाही. कागदासाठी ४.५ मिलिमीटर. १० मीटरच्या स्पर्धा त्यातच होतात, आणि छर्ऱ्यांची निवड त्यातच सगळ्यात मोठी. ५.५ चा छर्रा जवळपास दुप्पट जड, म्हणून तेवढ्याच जोरात तो हळू जातो आणि अंतर वाढलं की जास्त खाली येतो. त्याचं वजन लोखंडी टार्गेट पाडायला उपयोगी. खरेदीआधी तुमच्याकडच्या कायद्यातली व्यासाची आणि छर्ऱ्याच्या जोराची जूलमधली मर्यादा तेवढी बघून घ्या.

छर्ऱ्याच्या आकाराचा परिणाम मात्र लगेच दिसतो. सपाट डोक्याचा छर्रा कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो, त्यामुळे रेषेला लागला की नाही यावर वाद होत नाही. २५ मीटरच्या पुढे गोल डोक्याचा बरा. टोकदार छर्रे दिसायला भारी, पण अचूकतेत सहसा मागे. पोलादी गोळ्या चांगल्या नळीत घालू नका. या गोळ्या नळीच्या आतल्या खाचा खराब करतात आणि टणक पृष्ठभागावरून उलट येतात. कुठलीही रायफल असो, डोळ्यांवर चष्मा हवा, टार्गेटमागे छर्रा अडेल असं काहीतरी हवं, आणि शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुवून मगच खाणंपिणं.

रायफल घरी आली की तीन-चार वेगवेगळ्या छर्ऱ्यांचे छोटे डबे आणा. प्रत्येकातले पाच छर्रे त्याच अंतरावरून, टेकूवर मऊ काहीतरी ठेवून, वेगवेगळ्या कागदांवर झाडा. एकाच कारखान्याच्या दोन रायफलींना वेगळे छर्रे आवडू शकतात, त्यामुळे मित्राचा अनुभव इथे चालत नाही. सगळ्यात छोटं ग्रुपिंग ज्याचं, त्याचे मोठे डबे घेऊन ठेवा. नळीवरची नेमाची माशी किंवा स्कोप जुळवायचं काम त्यानंतरच.