‘किरकोळ’ म्हणून गेलेले कागद: बडोद्यातील एका सरकारी दप्तरखान्याच्या सेवेचे परीक्षण

गेल्या उन्हाळ्यात मला बडोद्यातील एका सरकारी दप्तरखान्यात पाच वेळा जावे लागले. दांडिया बाजारातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या जागेची संस्थानी काळातील नोंद वारसाईसाठी हवी होती, आणि आजोबा बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षक होते त्यांच्या नेमणुकीचा हुकूम एकदा डोळ्यांनी पाहावा, अशी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याची इच्छा होती. पहिला कागद मिळाला, दुसरा मिळाला नाही. तो का मिळाला नाही याचे उत्तर मात्र कार्यालयाने मला लेखी दाखवले, आणि हे परीक्षण मुख्यत्वे त्या उत्तराविषयी आहे. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेली चूक ज्यांनी केली ते केव्हाच निवृत्त झाले आहेत आणि तिचा जाब मात्र आज तेथे बसणाऱ्यांना द्यावा लागतो.

नेहमीच्या बाबी आधी सांगून टाकतो. अर्जाचा नमुना गुजरातीत आहे, परंतु मराठीत लिहिलेला अर्जही कुरकुर न करता घेतला गेला. बसण्यास लाकडी बाके आहेत, पंखे चालतात, पाण्याची सोय बरी आहे. खिडकीवरील बेन शांतपणे ऐकून घेतात आणि अर्जाची पोच लगेच देतात. जागेची नोंद तिसऱ्या खेपेस हाती आली व तिची प्रमाणित नक्कल चौथ्या खेपेस मिळाली. लाल फडक्यात बांधलेला रुमाल, म्हणजे कागदांचा गठ्ठा, माझ्यासमोर सोडला गेला, गंजलेल्या टाचण्या काढून त्या जागी सुती दोरा ओवलेला होता, आणि पानांना चिकटपट्टी कोठेही लावलेली नव्हती, हे पाहून समाधान वाटले. जमिनीच्या आणि हक्काच्या नोंदी कोणीही कायम वर्गातच ठेवतो, त्यामुळे त्या सापडण्यात विशेष कौतुक नाही.

आजोबांच्या हुकुमाची गोष्ट वेगळी. तो १९३४ चा. बेनने सूची पाहिली, मग दुसरी सूची पाहिली आणि म्हणाल्या, “काका, हा ढीग येथे नाही. पण थांबा, नाश-नोंदवही पाहते.” आतून त्यांनी जाड पुठ्ठ्याचे एक रजिस्टर आणले. त्यात कोणत्या खात्याचे, कोणत्या वर्षांचे, किती रुमाल, कोणाच्या हुकुमाने, कोणत्या तारखेस आणि कोणत्या रीतीने नष्ट केले, असे रकाने होते. १९७८ सालातील एका पानावर बोट ठेवून त्यांनी वाचले: शिक्षण खाते, किरकोळ पत्रव्यवहार, १९२८ ते १९४१, रुमाल चाळीस, जाळून. खाली दोन सह्या होत्या.

बहुतेक सरकारी कार्यालयांत याच प्रश्नाला ‘कागद सापडत नाहीत’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्या उत्तरात हरवले, चोरीस गेले, भिजले, जाळले आणि शोधलेच नाही, हे सगळे अर्थ सोयीने सामावलेले असतात. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने प्रत्येक कार्यालयावर आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे बंधन घातले आहे, आणि मागितलेली माहिती उपलब्ध नाही एवढे म्हणून अधिकाऱ्याला मोकळे होता येत नाही, तिचा कसून शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्या पार्श्वभूमीवर, आम्ही हे जाळले, अमुक दिवशी जाळले, अमुक माणसाच्या सहीने जाळले, असे सांगू शकणारे कार्यालय माझ्या मते निम्म्याहून अधिक गुण तेथेच मिळवते. कागद गेल्याचे दुःख आत्याला झालेच. पण आता तिला आणखी कोठे शोधायला नको.

कागद नष्ट करणे हे मुळातच पाप आहे, असे मी मानत नाही. बँकेच्या नोकरीत मी स्वतः व्हाउचरांच्या पोत्यांवर नाशाच्या सह्या केल्या आहेत. १९८५ च्या नियमांनुसार बँकांच्या काही वह्या पाच वर्षे आणि काही आठ वर्षे ठेवाव्या लागतात, त्यानंतर त्या काढता येतात. अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार तर सांगते की संघसरकारच्या कागदांपैकी एक ते तीन टक्केच कायम ठेवण्याच्या योग्यतेचे ठरतात. सगळेच ठेवले तर हवा तो कागद शोधणार कोण? आपल्याकडेही महाराष्ट्रातील महसूल कार्यालयांत अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, क वर्गातील कागद दहा किंवा पाच वर्षांचे आणि ड वर्ग एका वर्षाचा, अशी जुनी वाटणी आहे. केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीत अ व ब हे दोन्ही वर्ग जपण्याचेच असून फरक एवढाच की अ वर्गाच्या सूक्ष्मचित्रफिती काढायच्या असतात. क वर्ग जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवायचा असतो. व्यवस्था साधी आहे. प्रश्न असतो तो कागदावर अक्षर कोण घालतो आणि घालण्यापूर्वी तो कागद वाचतो की नाही, हा.

केंद्राच्या कागदांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आणि त्याखालील १९९७ चे नियम आहेत. राज्यांच्या कार्यालयांना ते थेट लागू नाहीत, तरीही मोजपट्टी म्हणून ते मला उपयोगी वाटतात. त्यांनुसार १८९२ पूर्वीचा अभिलेख नष्ट करता येत नाही. तो इतका जीर्ण झाला असेल की अभिलेख म्हणून त्याचा काहीच उपयोग उरला नाही, असे महासंचालकांचे मत पडले तरच अपवाद होतो. पंचवीस वर्षांहून जुना कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सहभागाने तपासल्याशिवाय काढता येत नाही. नष्ट करायच्या कागदांची यादी कायम जपावी लागते, आणि हे नियम मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आजोबांचा हुकूम १८९२ नंतरचा, म्हणजे वयाच्या जोरावर तो वाचला नसता. पण १९७८ मध्ये तो चव्वेचाळीस वर्षांचा होता, तेव्हा आजच्या मोजपट्टीने त्याला निदान एका जाणत्या नजरेखालून जावे लागले असते. अर्थात १९७८ मध्ये हा कायदाच नव्हता, त्यामुळे त्या दोन सह्यांना कायद्याने दोष देता येणार नाही.

दोष आहे तो ‘किरकोळ’ या शब्दाचा. शिक्षण खात्याचे चाळीस रुमाल, चौदा वर्षे, आणि वर्णन एका शब्दाचे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले, हे बडोद्यातील प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. त्या योजनेचा जाहीरनामा आणि मोठे अहवाल कोणी जाळले नाहीत व जाळणारही नाहीत. पण कोणत्या गावी कोणता शिक्षक कधी रुजू झाला, पाऊस लागल्यावर शाळेचे छप्पर कोणी शाकारले, मुलगी शाळेत पाठवत नाही म्हणून कोणत्या बापाला दंड झाला आणि त्याने माफीसाठी काय लिहिले, हे सारे असल्या पत्रव्यवहारातच असते. अहवालातून योजना कळते, ती गावात पोहोचली की नाही हे त्या पत्रांतून कळते. आणि गेले काय, हे सांगण्यास तो एक शब्द तर काहीच उपयोगी नाही.

मी बेनना विचारले की किरकोळ ठरवले कशावरून असेल. त्यांचे उत्तर प्रामाणिक होते: बहुधा ते मोडी लिपीत असतील. संस्थानाचा कारभार मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांत चालत असे आणि मराठी कागद मोठ्या प्रमाणात मोडीत असत. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, आणि जुनी मोडी वाचणारे कारकून एकेक करून निवृत्त झाले. ज्याला अक्षर लागत नाही त्याच्या दृष्टीने सनद आणि धोब्याचा हिशेब सारखेच दिसतात. आजही या कार्यालयात मोडी वाचण्यासाठी नियमित माणूस नाही; गरज पडली की एका निवृत्त गृहस्थांना निरोप धाडतात आणि ते सवडीने येतात. माझी चौथी खेप त्यांच्या सवडीमुळेच पडली. कागद राखायचा की काढायचा हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याला तो कागद वाचता आला पाहिजे, यात वाद कसला? सध्या एक खोलीभर न उघडलेले रुमाल वर्गवारीची वाट पाहत आहेत, असे मला सांगण्यात आले. मोडी वाचणारा नेमल्याखेरीज त्या खोलीस हात लावू नये, एवढी माझी विनंती आहे.

ज्या कागदाला इतिहासात स्थान नाही तो एखाद्या माणसाच्या दृष्टीने सर्वस्व असू शकतो, हे समजण्यास आजोबांचा हुकूम फारच सौम्य उदाहरण आहे. ब्रिटनच्या गृहखात्याने २०१० मध्ये कॅरिबियन बेटांतून दशकांपूर्वी जहाजाने आलेल्या लोकांची उतरण्याची कार्डे जागा अडते म्हणून नष्ट केली. पुढे त्याच लोकांकडून तेथील वास्तव्याचे पुरावे मागितले गेले, कित्येकांच्या नोकऱ्या व उपचार बंद झाले, काहींना देशाबाहेर जावे लागले, आणि कार्डे नष्ट झाल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. ती कार्डे वर्गवारी करणाऱ्यास नक्कीच किरकोळ वाटली असणार.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. बडोद्याच्या नोकरीत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेल्या रियासतकार सरदेसायांनी पुण्याच्या पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत छापून निघाले. त्यांची निवड प्रामुख्याने राजकारणाच्या व मोहिमांच्या पत्रांची होती. नंतरच्या अभ्यासकांना शेतसारा, बाजारभाव, बलुतेदारांचे हक्क असले विषय महत्त्वाचे वाटू लागले तेव्हा त्यांना न छापलेल्या जमाखर्चाच्या रुमालांकडे वळता आले, कारण ते जागेवर होते. छापण्यासाठी निवडणे ही एक गोष्ट झाली आणि बाकीचे जाळणे ही दुसरी, आणि त्या दप्तरात या दोहोंची गल्लत झाली नाही.

स्कॅनिंगविषयी थोडे. कार्यालयात ते चालू आहे आणि त्याबद्दल तेथे अभिमान आहे. माझ्या जागेच्या नोंदीची संगणकावरील प्रत स्वच्छ होती, परंतु मूळ कागदाच्या पाठीवर असलेला दोन ओळींचा शेरा तीत नव्हता, कारण पाठ स्कॅनच केलेली नव्हती. वारसाईचा प्रश्न नेमका त्या शेऱ्याने सुटला. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद काढून टाकण्याचा विचार कोणी करत असेल तर त्याने आधी कागद उलटून पाहावा.

जागेचाही विचार हवा. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात कसे शिरले ते बडोदेकरांना सांगायला नको. येथील खालचे रुमाल आता जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी मांडणीत आहेत, ही सुधारणा चांगली आहे. कसर व वाळवीसाठी फवारणी होते. वास मात्र दिवसभर कपड्यांना राहतो. काढलेले कागद पस्तीवाल्यास (आम्ही बडोद्याचे मराठी लोकही रद्दीला पस्तीच म्हणतो) विकले जात नाहीत, यंत्रात त्यांचे तुकडे केले जातात, हेही मी विचारून घेतले.

ज्यांना जायचे आहे त्यांनी सकाळी लवकर जावे, खात्याचे नाव आणि सालाचा अंदाज लिहून न्यावा, आणि कागद नाही असे उत्तर आल्यास नाश-नोंदवही दाखवण्याची विनंती आवर्जून करावी. ती नाकारली जात नाही. पाचपैकी साडेतीन तारे मी देतो. दीड तारा कापला आहे तो मोडी वाचकाच्या अभावापायी, अर्धवट स्कॅनपायी आणि नोंदवहीतील त्या शब्दापायी, कारण आजही तोच शब्द लिहिला जातो. गेल्या वर्षीच्या पानावरही तो मी दोन ठिकाणी पाहिला.

शेवटच्या खेपेस मी सूचनेचा अर्ज दिला: यापुढे नाश-नोंदवहीत किरकोळ असे न लिहिता प्रत्येक रुमालातील विषय किमान एका ओळीत लिहावा, आणि प्रत्येक ढिगातून नमुन्यादाखल एक रुमाल राखावा. बेनने आवक क्रमांक घालून पोच दिली. हा अर्ज कोणत्या वर्गात जाईल, असे मी सहज विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “सूचना ना, काका? एक वर्ष.” पोचेची एक झेरॉक्स काढून ती मी आत्याच्या कपाटात, घराच्या नकलेबरोबर ठेवली आहे.