मीटर न लावता ‘बॅटरी बसली’ म्हणणाऱ्याला बोटीवर चढू देऊ नका

पावसाळी मासेमारीबंदी संपत आली की मुंबईतल्या प्रत्येक बंदरात एकच घाई असते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. दोन महिने खाऱ्या दमट हवेत उभ्या राहिलेल्या वायरिंगची दुखणी ऑगस्टमध्येच वर येतात. त्या वेळी बर्फाची ऑर्डर गेलेली असते, डिझेल भरलेलं असतं, खलाशांना उचल दिलेली असते, आणि पहिल्या म्हावऱ्याला भाव असतो. बोट एक दिवस जरी थांबली तरी घरात काय होतं हे कोळीवाड्यात कोणाला सांगायला नको. आम्हाला फसवणाऱ्या वायरमननं नेमकी हीच वेळ धरली होती. तो आजही दुसऱ्या बंदरांत काम घेतो असं कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. त्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण तक्रारीत आहे. त्याची पद्धत मात्र पूर्ण सांगते.

आमची बोट भाऊच्या धक्क्यावर लागते. माझा मोठा भाऊ तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख आहे, बोटीचा हिशेब मी बघते. बोटीवर २४ व्होल्टची लाइन आहे, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन मोठ्या बॅटऱ्या एकीला एक जोडून. सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर), डेकवरचे दिवे, सर्चलाइट २४ वर चालतात. वायरलेस आणि जीपीएस १२ व्होल्टचे, त्यांच्यासाठी मध्ये २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवलेला होता.

हंगामाच्या सुरुवातीला एकच तक्रार होती. वायरलेसवर समोरच्याचं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं, पण आपण बोलायला बटण दाबलं की सेट बंद होऊन परत चालू व्हायचा. बाकी सगळं ठीक होतं. इंजिन एका दमात चालू होत होतं, दिव्यांचा उजेड पांढरा होता.

धक्क्यावर कोणीतरी नंबर दिला आणि तो आला. वागायला नम्र, ‘ताई’शिवाय बोलणं नाही. दादाला म्हणाला, “शेठ, बॅटऱ्या बसल्यात. दर्यात धोका देतील.” झाकणं उघडून नुसतं आत बघितलं आणि टर्मिनलवर पान्हा टेकवून ठिणगी उडवून दाखवली. नीट लक्षात घ्या, ठिणगी उडवून बॅटरीची तब्येत कळत नाही. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ ठिणगी उडवली तर बॅटरी फुटून तोंडावर ॲसिड येऊ शकतं. जो माणूस अशी परीक्षा करतो त्याला तिथूनच परत पाठवायला हवं.

त्याच दिवशी त्यानं दोन ‘नवीन’ बॅटऱ्या बसवल्या आणि जुन्या ‘एक्स्चेंज’मध्ये उचलून नेल्या. वायरलेसची तक्रार तशीच राहिली. मग म्हणाला, कन्व्हर्टर जळालाय. जुना काढून नेला, नवा बसवला, केबिनपर्यंत नवी वायर ओढली. आता वायरलेस खणखणीत बोलायला लागला आणि आमचा त्याच्यावर विश्वास बसला. काही फेऱ्यांनंतर रात्री दिवे मंद व्हायला लागले. तो परत आला. इंजिन चालू असताना त्यानं बॅटरीचा टर्मिनल उपटून काढला आणि सांगितलं, “बघा, अल्टरनेटर दम देत नाही.” अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून बॅटऱ्या चार्ज करणारं यंत्र. त्या क्षणापासून चार्जिंग खरोखरच बंद पडलं. मग अल्टरनेटरही बदलला.

यात लाखाच्या आसपास रुपये गेले. पैशापेक्षा पुढचं जास्त मनाला लागलंय. एका रात्री किनाऱ्यापासून लांब असताना आधी वायरलेस गेला, मग जीपीएस, मग बाजूचे लाल-हिरवे दिवे. मुंबई बंदराबाहेर मोठ्या जहाजांची ये-जा किती असते ते दर्यात जाणाऱ्यांना माहीत आहे. एवढ्या अंतरावर मोबाइलला रेंज नसते. तिथे बोटीचा आवाज म्हणजे वायरलेसचं १६ नंबरचं, संकटात हाक मारायचं चॅनल. तो आवाज आणि दिवे दोन्ही गेल्यावर अंधारातली लाकडी बोट जहाजाला दिसणार कशी? दादानं टॉर्च आळीपाळीनं खलाशांच्या हातात देऊन रात्र काढली आणि उजाडल्यावर शेजारच्या बोटीच्या मागे परत आला.

माझगावला आमच्या ओळखीचे एक मामा आहेत. आयुष्यभर गोदीत जहाजांच्या वायरिंगचं काम केलेलं, आता निवृत्त. ते आले आणि पहिला तासभर त्यांनी एकही नट सोडवला नाही. नुसतं व्होल्ट मोजायचं मीटर लावत राहिले आणि मला एकेक आकडा लिहून घ्यायला सांगितला.

“पोरी, आधी हे सांग, तेव्हा इंजिन कसं चालू होत होतं?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. एका दमात, म्हटलं. ते म्हणाले, मग बॅटऱ्या बसल्या नव्हत्या. एवढं मोठं डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. वायरलेस बोलताना पाच-सहा अँपिअर घेतो, ऐकताना त्याहून कितीतरी कमी. जी बॅटरी सेल्फ फिरवते ती वायरलेसला पुरत नाही असं होत नाही. ऐकू येतं पण बोलताना सेट बंद पडतो, याचा अर्थ बॅटरीपासून सेटपर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. गंजलेला फ्यूज होल्डर, हिरवं पडलेलं लग (वायरच्या टोकाला बसवलेली कडी), सैल जोड. थोडा करंट असेपर्यंत तो निभावतो, जास्त ओढला की व्होल्टेज तिथेच खाऊन टाकतो. हे शोधायला मीटर बॅटरीवर लावून भागत नाही. सेटच्या मागे लावायचं आणि बटण दाबून बघायचं. बॅटरीवरचा (मध्ये कन्व्हर्टर असेल तर त्यातून निघणारा) आकडा आणि सेटवरचा आकडा यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर वायर तपासा, बॅटरीला हात लावू नका.

जुना फ्यूज होल्डर सुदैवानं इंजिन रूमच्या डब्यात पडलेला सापडला. आतली पट्टी पूर्ण हिरवी झाली होती. मूळ दुखणं बहुतेक एवढंच होतं, असं मामांचं मत आहे.

मग त्यांनी इंजिन चालू करून बॅटऱ्यांवर मीटर लावलं. दोन्ही मिळून २७.९ व्होल्ट. आकडा चांगला, कारण २४ च्या लाइनला चार्जिंग साधारण २७.५ ते २८.८ असायला हवं. पण त्यानंतर त्यांनी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. एकीवर १३.१, दुसरीवर १४.८. मामांनी मान हलवली आणि म्हणाले, आता तो कन्व्हर्टर उघड.

डब्यात कन्व्हर्टर नव्हताच. आत एक जुनी मेलेली सर्किट प्लेट होती, समोर एक लाल दिवा जोडलेला, आणि वायर आतल्या आत सरळ पुढे काढलेली. ती वायर मागे माग काढत नेली तर दोनपैकी एकाच बॅटरीवर जाऊन पोचली. म्हणजे कन्व्हर्टरचे पैसे घेतले, आमचा चालू कन्व्हर्टर काढून नेला, आणि वायरलेस-जीपीएस एका बॅटरीवर टांगून दिले.

याचा परिणाम काय होतो तो नीट समजून घ्या, कारण पैसे वाचवण्यासाठी असा जोड कितीतरी बोटींवर जाणूनबुजून केलेला असतो. एका बॅटरीतून जास्त वीज जाते, पण अल्टरनेटर दोघींना मिळूनच चार्ज करतो. जिच्यातून वीज जाते ती कायम उपाशी राहते. दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन उकळते, तिचं पाणी आटतं. वरून एकत्र मोजलं तर सगळं ठीक दिसतं. काही महिन्यांत दोन्ही बाद होतात, आणि बॅटरी विकणाऱ्याला परत बोलावणं जातं. पहिल्या दुरुस्तीतच त्यानं दुसरी पेरून ठेवली होती.

बॅटऱ्या तरी नवीन होत्या का? नव्हत्या. स्टिकर कोरे होते, पण टर्मिनलच्या शिशावर जुन्या क्लॅम्पचे ओरखडे होते. वॉरंटी कार्डावरचा नंबर आणि बॅटरीच्या अंगावर उमटवलेला नंबर जुळत नव्हते. एका बाजूचा नंबर तर घासलेला होता. मामांनी हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी लावली. चांगल्या भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी (ही घनता) प्रत्येक घरात, म्हणजे सेलमध्ये, १२५०-१२८० च्या आसपास आणि सगळ्या घरांत जवळपास सारखी यायला हवी. आमच्या एका बॅटरीत पाच घरं १२४० च्या पुढे आणि सहावं ११५०. एवढा फरक म्हणजे ते घर गेलेलं. भंगारातली बॅटरी ॲसिड बदलून, धुऊन, चार्ज करून विकलेली. नवी बॅटरी असं कधीही दाखवणार नाही.

अल्टरनेटरचं वाचून तर संताप येईल. इंजिन चालू असताना बॅटरी सोडवली की अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो, कारण तो झेलायला बॅटरीच उरत नाही. त्या झटक्यात आतले डायोड आणि रेग्युलेटर, ज्याला आपल्याकडे कटआउट म्हणतात, जळू शकतात. चांगला चाललेला अल्टरनेटर त्यानं आमच्या डोळ्यांसमोर, ‘टेस्ट’च्या नावाखाली मारला. त्याच्या जागी जो बसवला त्याची पाटी घासलेली होती, वर नवा रंग. मामांनी टाँग टेस्टर (वायरभोवती पकडून अँपिअर मोजायचा चिमटा) लावून सगळे दिवे चालू करायला लावले. तो ३० अँपिअरच्या वर जाईना. आमच्या जुन्याच्या पाटीवर ५५ होते. रात्री जाळी ओढताना आमच्या दिव्यांनाच त्याहून जास्त लागतं, उरलेलं बॅटरीतून जातं. म्हणून पहाटेपर्यंत सगळं विझत होतं.

शेवटची गोष्ट वायरची. इंजिन रूमपासून केबिनपर्यंत त्यानं घरातल्या फिटिंगची बारीक वायर टाकली होती, जोड नुसते पिळून वर टेप. इंजिनाच्या थरथरीनं असे जोड सैल होतात आणि टेपखाली खारं पाणी शिरून तांबं काळं-हिरवं पडतं. बोटीला कथील चढवलेल्या तांब्याची, बारीक तारांची जाड वायर लागते, लग दाबून बसवलेलं, वर तापवल्यावर आवळणारा, आतून चिकट श्रिंक स्लीव्ह. शिवाय ट्रकचं काम करणारे वायरमन अर्थ सांगाड्याला देऊन मोकळे होतात. लाकडी किंवा फायबरच्या बोटीला तसा सांगाडा नसतो, प्रत्येक उपकरणाची निगेटिव्ह वेगळी बॅटरीपर्यंत आणावी लागते. या वायर जिथे एकत्र येतात तो निगेटिव्हचा जोड खराब असला तर एकाच वेळी चार उपकरणं वेडीवाकडी वागतात आणि चारही बदलायचा सल्ला मिळतो.

तुमच्या बोटीवर असं कोणी येण्याआधीच एक साधं मीटर घरात आणून ठेवा. चारशे-पाचशे रुपयांत मिळतं आणि कामापुरतं पुरतं. इंजिन बंद करून काही तास थांबल्यावर १२ ची बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, ती भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. २४ च्या लाइनला प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायचीच. सेल्फ मारताना १२ ची बॅटरी ९.६ च्या खाली घसरली तर बॅटरीवर संशय घ्या. हे आकडे वायरमनला विचारा आणि त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. जो खरा कारागीर आहे तो आनंदानं दाखवतो. मामा तर मला शिकवत होते. काढलेला भाग मात्र आपल्याकडेच ठेवून घ्या, एक्स्चेंजचे चार पैसे कमी झाले तरी चालतील. आमचा कन्व्हर्टर आणि अल्टरनेटर आमच्याकडे असते तर आज पुरावा दुप्पट असता. बॅटरी घेताना कार्डावरच्या आणि बॅटरीवरच्या दोन्ही नंबरांचा फोटो बसवण्याआधी काढा, आणि बिल जीएसटीचं, दुकानाच्या नावाचं घ्या.

पैसे परत मागितल्यावर तो म्हणाला, धंद्याच्या वस्तूसाठी ग्राहक न्यायालय नसतं, कुठे जायचं तिथे जा. हेही अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारणा’त धरलेली नाही. आमचं प्रकरण त्यात बसतं की नाही ते ग्राहक आयोग ठरवेल, पण त्याच्या धमकीवर विसंबून गप्प बसण्याचं कारण नाही. तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून सुरुवात करता येते. आम्ही पोलिसांतही अर्ज दिलाय. त्यानं दिलेली बिलं साध्या कागदावरची असली तरी यूपीआयचे सगळे व्यवहार बँकेच्या नोंदीत आहेत, व्हॉट्सॲपवर त्यानं ‘नवीन माल, १८ महिने वॉरंटी’ असं लिहिलेलं आहे, आणि तो रिकामा डबा आम्ही जसा होता तसा सील करून ठेवलाय.

दादा आता दर्यात जाताना हातात धरायचा वेगळा वायरलेस नेतो, त्याची स्वतःची बॅटरी असते, आणि बाजूचे दिवे गेले तर लावायला कोरड्या सेलवरचे दिवे. ज्यांच्या बोटीवर यंदा कन्व्हर्टर बदललाय त्यांनी आजच चार स्क्रू काढून डबा आतून बघा आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. आत असाच प्रकार निघाला तर काही सोडवू नका, आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, आणि धक्क्यावर आमच्या मच्छीमार सोसायटीत येऊन सांगा. आमच्या तक्रारीसोबत तुमची जोडली गेली तर त्याला ‘एका बोटीचा गैरसमज झाला’ असं म्हणता येणार नाही.